लिंग्विस्टिक सोसायटी ऑफ इंडियाच्या स्थापनेविषयी खुलासा

‘लिंग्विस्टिक सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था जॉर्ज ग्रिअर्सन यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात स्थापन केली’ असा एक संदेश सध्या फिरत आहे. यातील दोन्ही विधाने चुकीची आहेत.

भाषाविज्ञानाच्या अभ्यासकांची ही संस्था 1928 साली लाहोर येथे, अखिल भारतीय प्राच्यविद्या (पौर्वात्य भाषा व संस्कृतींचा अभ्यास) परिषदेच्या पाचव्या अधिवेशनाच्या वेळी स्थापन झाली आणि ‘इंडियन लिंग्विस्टिक्स’ हे तिचे नियतकालिक 1931 पासून निघू लागले. ब्रिटिश सनदी अधिकारी व भाषाभ्यासक असलेल्या ग्रिअर्सन यांचे काम वेगळे: त्यांनी लिंग्विस्टिक सर्व्हे ऑफ इंडिया हा सरकारी भाषा-सर्वेक्षणाचा प्रकल्प चालवला. या सर्वेक्षणाची मागणी 1886 च्या व्हिएन्ना येथील प्राच्यविद्या परिषदेत झाली होती, त्याचे खंड 1903 पासून प्रसिद्ध होत गेले आणि ते काम नेमके 1928 मध्येच पूर्ण झाले. दोन्हींचे इंग्रजी संक्षेप ‘एलएसआय’च असल्याने गल्लत होणे स्वाभाविक आहे, मात्र ग्रिअर्सन तोवर कित्येक वर्षे इंग्लंडमध्येच राहत होते.

पुण्याचा संबंध खरा आहे, पण तो नंतरचा. डेक्कन कॉलेज 1934 मध्ये बंद पडले होते आणि 1939 मध्ये पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून ते पुन्हा उघडले. भाषाविज्ञानाचे केंद्र म्हणून त्याची ख्याती त्यानंतरची आहे, आणि सोसायटीचे कार्यालयही फाळणीनंतरच तेथे आले. पुणेकरांना लाहोरचे श्रेय घेण्याची खरे तर काहीच गरज नाही.

हा संदेश आपल्याकडे आला असल्यास कृपया तो पुढे पाठवू नये, आणि आधीच पाठवला असल्यास त्याच गटात हा खुलासाही द्यावा.