पार्कात फेरी मारायला जाताय? आधी आठवणींची सोय करा

शिवाजी पार्कात फिरायला जायचं ठरवलंत, हे उत्तमच. पण बूट घेण्याआधी एखादी जुनी आठवण घ्या. दादरच्या या पार्कात पायांपेक्षा आठवणीच जास्त चालतात. ज्याच्याकडे ती नाही, त्याला पार्काभोवतीच्या कट्ट्यावर जागा मिळते, मान मिळत नाही. तुम्ही डोंबिवलीहून किंवा, देव न करो, पुण्याहून आला असाल तर निदान सनावळ्या तरी घोकून या. १९२५ साली मैदान खुलं झालं तेव्हा ते माहीम पार्क होतं. १९२७ मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहामुळे त्याला शिवाजी महाराजांचं नाव मिळालं. ही माहिती कोणी विचारण्याची वाट पाहू नका. कोणी विचारत नाही.

कट्ट्याची एक फेरी साधारण सव्वा किलोमीटरची. ती चौघांनी शेजारी शेजारी चालून पूर्ण करायची, म्हणजे मागच्याला वाट मिळत नाही आणि त्याच्या अंगी संयम बाणतो. वेग बोलण्याच्या विषयावर ठरतो. गुडघेदुखी असेल तर मध्यम. सोसायटीची रीडेव्हलपमेंट निघाली की पावलं मंदावतात, आणि बिल्डर कॉर्पस, म्हणजे वरची एकरकमी रक्कम, किती देतोय इथवर गाडी आली की चौघंही जागच्या जागी उभे राहतात. घड्याळात पावलं मोजत असाल तर अशा वेळी हात हलवत राहा.

मैदानातून आडवं जायचा मोह आवरा. तिथे एकाच वेळी इतक्या मॅचेस चालू असतात की एकाचा गली दुसऱ्याचा लाँग ऑन असतो. पायाशी चेंडू आला तर लगेच फेकू नका, तो कुठल्या मॅचचा आहे यावर आधी चार पोरांचं एकमत होऊ द्या. कडेला उभ्या असलेल्या एखाद्या काकांना क्रिकेटबद्दल तर मुळीच छेडू नका. सचिन तेंडुलकरचे गुरू आचरेकर सर यष्टीवर रुपयाचं नाणं ठेवायचे; सचिनला बाद करील त्याचं नाणं, नाबाद राहिला तर सचिनचं. 'मी काढला होता त्याला बोल्ड' असं सांगणारे इथे इतके भेटतात की त्या पोराला बॅटिंग मिळायची तरी कधी, असा प्रश्न पडावा. सचिनकडे अशी तेरा नाणी आहेत. बाकीची या मंडळींकडे असणार. दाखवा म्हणू नका.

आता धूळ. पार्कातल्या तांबड्या मातीची धूळ हा इथला खरा रहिवासी. बाकी सगळे भाडेकरू. पाणी मारून झालं, गवत लावून झालं, पावसाचं पाणी साठवून झालं, आयआयटीतल्या तज्ज्ञांना विचारून झालं. धूळ दुसऱ्या मजल्यावरच्या देवघरात जाऊन बसायची ती बसतेच. यावर आपलं मत ठाम ठेवा, फक्त समोरचा कोण आहे ते पाहा. खिडकीवाल्यांसमोर 'ही माती उचलून न्या' म्हणायचं आणि क्रिकेटवाल्यांसमोर 'मातीला हात लावाल तर खबरदार'. दोन्ही बाजूंना तुम्ही जाणकार वाटाल. धूळ तशी निःपक्षपाती आहे, पार्क फेसिंग फ्लॅटचा भाव तिने कधी पाडलेला नाही.

उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०१० पासून हे शांतता क्षेत्र आहे. त्यामुळे मोबाइलवरची भजनं स्पीकरवर लावली तरी चालतात, सगळ्यांना शांतता लाभते. सभांचं शास्त्र मात्र नीट समजून घ्या. ३० ऑक्टोबर १९६६ ला शिवसेनेचा पहिला दसरा मेळावा इथे झाला. त्या दिवशी तुमचे वडील पुढच्या रांगेत होते. ते तेव्हा नागपुरात नोकरीला असतील, तरीही होते. इथल्या प्रत्येकाचे वडील पुढच्याच रांगेत होते. मागे कोण बसलं होतं, हे इतिहासाला अजून कळलेलं नाही.

सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो माणसं येतात. देशभरातून आलेली, पायाला फोड आलेली, कडेवर पोर घेतलेली. पार्कात मंडप पडतात, पुस्तकांचे स्टॉल लागतात आणि हजारो लोक पदरमोड करून पुस्तकं विकत घेतात. या दिवसांत काही जुने रहिवासी लोणावळ्याला जातात आणि परत येऊन स्वच्छतेवर बोलतात. तुम्ही मान डोलवा. राजकीय सभेनंतर उरतो तो कचरा परंपरेत मोडतो, या गर्दीनंतर उरतो तो 'सिव्हिक सेन्स'च्या प्रश्नात. हा फरक ज्याला विचारल्याशिवाय कळला, तो पार्काचा झाला म्हणून समजा. पुस्तकांचा विषय काढू नका. कट्ट्यावरच्या किती जणांनी गेल्या वर्षात एक तरी विकत घेतलं, असं कोणी विचारलं तर उगाच फेरी लवकर संपते.

फेरी कशीही संपली तरी घरी रिकाम्या पोटी जायचं नाही. रविवारी 'प्रकाश'चा साबुदाणा वडा आणि पियूष, नाहीतर 'आस्वाद'ची मिसळ. बाहेर नाव लिहून घेतात, ते लिहून उभं राहायचं. आपल्यामागे कोणी नवखा दिसला तर त्याला सांगा, पूर्वी इथे रांग नसायची.