हसा, रेकॉर्डिंग चालू आहे

टीव्हीवरच्या शोच्या शूटिंगला प्रेक्षक म्हणून बसायचा फुकट पास मिळाला का तुम्हाला? अभिनंदन! गेल्याच महिन्यात मलाही मिळाला होता, मी मावशीला घेऊन गेले होते, त्यामुळे या विषयात आता माझा बऱ्यापैकी अभ्यास झालाय. चार गोष्टी सांगते, ऐका.

पासवर जी वेळ लिहिलेली असते ती शो सुरू व्हायची वेळ आहे असा भलता समज करून घेऊ नका. ती रांगेत उभं राहायची वेळ. आणि पास आहे म्हणजे आत घेतीलच असंही नाही हं, खुर्च्या असतात त्याहून जास्त पास मुद्दामच वाटलेले असतात, कारण फुकट पासवाले बरेच जण येतच नाहीत आणि कॅमेऱ्यात एक जरी खुर्ची रिकामी दिसली तरी यांची अब्रू जाते. सगळेच आले तर? तर शेवटच्यांनी घरी जायचं. आमच्या मागे दोन तास उभ्या असलेल्या कुटुंबाला "आज फुल झालं, पुढच्या वेळी नक्की या हं" असं इतक्या गोड आवाजात सांगितलं की ते बिचारे थँक्यू म्हणून गेले.

कपडे छान घाला. फक्त पांढरे नकोत, ते लाइटमध्ये चमकतात. काळे नकोत, माणूस अंधारात गायब होतो. बारीक रेघा आणि बारीक चौकडी नको, ती कॅमेऱ्यात नाचते. कंपनीचं नाव छापलेलं नको. मागे हिरवा पडदा असेल तर हिरवंही नको, नाहीतर नुसतं मुंडकं दिसेल. एवढं सगळं वगळून कपाटात जे उरेल ते घाला आणि मग चार तास पुढच्याच्या खुर्चीमागच्या अंधारात बसा.

गेटवर एक फॉर्म देतील. वाचू नका, मागे रांग आहे.

मोबाईल जमा करावा लागतो, तेव्हा घरी जे काय कळवायचं ते आधीच कळवून ठेवा, मृत्युपत्रासकट.

पाणी पिऊ नका.

सोबत कोणाला नेलंत तर त्यांच्या शेजारी बसायला मिळेल अशी आशा ठेवू नका. तिथे एक कोऑर्डिनेटर असतो, तो आपल्याकडे वरपासून खालपर्यंत बघतो, बाजारात वांगी निवडावीत तसा, आणि ठरवतो की कोण पुढे, कोण मागे. मला पुढे ढकललं, मावशीला कॅमेऱ्याच्या क्रेनच्या मागे. तिचे गुडघे दुखतात, कडेची खुर्ची द्या म्हटलं तर "काकू, फ्रेम बिघडते." तिला पूर्ण शोभर कॅमेरामनची पाठ दिसली. स्वच्छ दिसली पण.

शाल न्या, लाइट आणि मशिनरी तापू नये म्हणून एसी असा सोडतात की दात वाजायला लागतात. पण पांघरू नका, कॅमेऱ्यात वाईट दिसतं. मांडीवर घेऊन बसा, धीर येतो.

आता मुख्य काम, टाळ्या. एक माणूस समोर उभा राहून हात गरगर फिरवतो, फिरवला की वाजवायच्या, मूठ आवळली की बंद. जज आत आले, टाळ्या. जजांची एन्ट्री नीट आली नाही, परत आत आले, परत टाळ्या, आणि चेहऱ्यावर पहिल्यांदाच बघतोय असं आश्चर्य. पाचव्यांदासुद्धा. हे काही नवीन नाही बरं का, रोमचा बादशहा नीरो गायचा तेव्हा त्यानं टाळ्यांसाठी पाच हजारांवर तरणी पोरं तयार ठेवली होती, मधमाश्यांसारखी गुणगुणणारी टाळी वेगळी, कौलांच्या नावाची वेगळी, विटांच्या नावाची वेगळी. त्यांच्या म्होरक्यांना बक्कळ पैसे मिळायचे. १९व्या शतकात पॅरिसच्या थिएटरांत तर हसणारे वेगळे, टाळ्या पिटणारे वेगळे, रुमाल काढून रडणाऱ्या बायका वेगळ्या, सगळ्यांना त्याचा मोबदला. आपण तिन्ही कामं करतो, उपाशीपोटी, फुकट, आणि वर पास मिळाला म्हणून स्टेटस ठेवतो.

आणि हो, हसताना जरा बेतानं हसा. हे मात्र मनापासून सांगतेय. स्टेजवर कोणीही आलेलं नसताना, अगदी सुरुवातीलाच, आपल्याकडून सगळ्या प्रतिक्रिया काढून घेतात. "आता मोठ्यानं हसा. आता दचका. आता डोळे पुसा. ताई, तुम्ही छान हसता, अजून एकदा." मी हसले. मूर्खासारखी, मान मागे टाकून, सगळे दात दाखवून हसले, कारण रिकाम्या स्टेजकडे बघून हसायचं या कल्पनेचंच मला हसू येत होतं. मग तीन तासांनी एक पोरगा आला, असेल वीस-एकवीसचा, तिसऱ्या ओळीला अडकला. पुढचं काही आठवेना. एक जज त्याला लागेल असं बोलला. पोराचे डोळे भरले. हॉलमध्ये चिडीचूप, कोणीच हसलं नाही, माझ्या पोटात तर खड्डा पडला होता.

एपिसोड लागला. पोरगा अडकतो, जज बोलतो, पोरगा डोळे पुसतो आणि कट, स्क्रीनभर मी. खदाखदा हसतेय. शेजारी पिवळ्या ड्रेसमधली बाई, जी पहिल्या ब्रेकलाच कंटाळून घरी गेली होती आणि तिच्या जागी यांनीच युनिटमधला एक मुलगा आणून बसवला होता! म्हणजे तो शॉट तेव्हाचा नाहीच, हे मला माहीत आहे आणि त्यांना माहीत आहे. बाकी जगाला फक्त माझे दात माहीत आहेत. ऑफिसात क्लिप फिरली, "तो रडत होता आणि तू हसत होतीस?" असा मेसेज माझ्या सख्ख्या मैत्रिणीनं पाठवला. फोन केला तिकडे, तर "मॅडम, तुम्ही फॉर्मवर सही केलीय."

केलीय ना! रांगेत तीन तास उभं करून, हातातला फोन काढून घेऊन, पेन पुढे धरून करून घेतलीय! अरे, जरा तरी लाज बाळगा. हसूच पाहिजे होतं तर मशीन आहे की, चार्ल्स डग्लस नावाच्या साऊंड इंजिनियरनं १९५०च्या दशकातच बनवलंय, टाइपरायटरसारखी बटणं, खुदकन दाबा नाहीतर खदाखदा दाबा. त्या मशीनला तोंड नाही, त्याला दुसऱ्या दिवशी ऑफिसात जावं लागत नाही. माणसाचा चेहरा एका जागचा उचलून दुसऱ्या जागी चिकटवता, तोही एका पोराच्या रडण्यावर, आणि याला एडिटिंग म्हणता? खोटारडेपणा आहे हा. त्या पोरानंही बघितला असेल एपिसोड. त्याच्या आईनंही. त्यांना कुठे शोधू मी आणि काय सांगू?

तो थांबला होता ना, तेव्हा मागे क्रेनच्या आडून एकटी मावशी टाळ्या वाजवत होती, "असू दे रे बाळा, परत म्हण" असं म्हणत. कोणी हात फिरवला नव्हता. त्या माणसानं उलट तिच्याकडे बघून मूठ आवळली. ते नाही दाखवलं तुम्ही.