गाडी घसरली, पण दोष कुणाचा?

"विमा कंपनी म्हणते, शंभर टक्के दोष माझा!" अवीनं फोन टेबलावर आपटलाच. "त्या उतारावर मीठ नाही, वाळू नाही, बर्फ ढकलणारा प्लाऊ फिरकलेला नाही. मी ताशी तीसच्या आत चालवत होतो. तरी शंभर टक्के?"

शनिवारी सकाळी प्लाझातल्या टिम्सच्या, म्हणजे टिम हॉर्टन्स कॉफीच्या दुकानाच्या, कोपऱ्यातलं टेबल हा आमचा कट्टा. टोरांटोच्या पश्चिमेला राहणारी आम्ही पाच-सहा मराठी माणसं. उन्हाळ्यात बाहेर पार्किंगच्या कठड्यावर बसतो, जानेवारीत आत. एरवी विषय कुठूनही कुठं जातो, पण अवीचं प्रकरण सगळ्यांनाच लागलं, कारण तो उतार आम्ही सगळेच उतरतो.

घडलं ते असं. आदल्या रात्री नऊच्या सुमारास बर्फ थांबला. रात्रभर गाड्या जाऊन जाऊन तो दाबला गेला आणि दोन चाकोऱ्या पडल्या, काचेसारख्या. सकाळी साडेसहाची वेळ, काळोख, पारा उणे चौदा. खाली सिग्नलला पुढची गाडी थांबली, अवीनं ब्रेक दाबला, चाकं अडकू न देणारी एबीएस यंत्रणा पायाखाली खडखडली आणि गाडी आपल्या मर्जीनं सरकत जाऊन पुढच्या गाडीवर आदळली. कुणाला लागलं नाही, एवढंच बरं.

शलाका एका विमा कंपनीत क्लेम्स बघते. ती म्हणाली, "कंपनीनं तुझ्यावर राग काढलेला नाहीये. ऑन्टारियोत, आपल्या या प्रांतात, दोष ठरवायचा सरकारी नियमच तसा आहे, रेग्युलेशन ६६८. त्यात चक्क लिहिलंय की हवामान, रस्त्याची अवस्था, किती अंतरावरचं दिसत होतं, यातलं काही बघायचं नाही. मागून धडकलास, मागचा तू. विषय संपला."

"रस्त्याची अवस्था बघायचीच नाही?" नाना खवळले. नाना महाराष्ट्रात सार्वजनिक बांधकाम खात्यात इंजिनीअर होते, आता मुलाकडे असतात. "मग बघायचं तरी काय? अगं, अपघातात गाडी असते, माणूस असतो आणि रस्ता असतो. तिघांपैकी एकाला आधीच वगळलं तर तो न्याय कसला?"

"नाना, कोर्टात तसं नाही. हा नियम विमा कंपन्यांनी आपापसातला हिशेब पटकन मिटवावा म्हणून आहे. कोर्ट रस्त्याकडे बघतं."

हे शलाकाचं खरं आहे, पण मला वाटतं खरी मेख इथंच आहे. बहुतेक अपघात कोर्टापर्यंत जातच नाहीत. विम्याच्या कागदावर 'शंभर टक्के' आलं की हप्ता वाढतो, माणूस चार दिवस चरफडतो आणि भरून टाकतो. रस्त्याचा वाटा दहा टक्के होता की साठ, याची नोंद कुठेच राहत नाही. असे हजार अपघात झाले तरी पालिकेच्या दप्तरी तो उतार ठणठणीतच.

कायदा मात्र स्पष्ट आहे. ऑन्टारियोच्या २००१च्या म्युनिसिपल अ‍ॅक्टचं कलम ४४ सांगतं की रस्ता परिस्थितीनुसार वाजवी अवस्थेत ठेवणं हे पालिकेचं कर्तव्य आहे, आणि त्यात कसूर झाली तर भरपाईही तिनंच द्यायची. पण त्याच कलमात सुटकेच्या वाटाही आहेत. दोष माहीत नव्हता आणि माहीत असण्याची अपेक्षाही नव्हती, पुरेशी काळजी घेतली होती किंवा किमान देखभालीची ठरवून दिलेली मानकं पाळली होती, यातलं एक जरी सिद्ध केलं तरी पालिका मोकळी.

"ती मानकं मला तोंडपाठ आहेत," बंड्या म्हणाला. बंड्या हिवाळ्यात एका कंत्राटदाराचा प्लाऊ चालवतो. रात्रपाळी करून थेट कट्ट्यावर आला होता, डोळे लाल. "वाहनांची संख्या आणि वेगमर्यादा बघून रस्त्यांचे सहा वर्ग केलेत. पहिल्या वर्गाला अडीच सेंटिमीटर बर्फ आणि चार तास. दुसऱ्याला पाच आणि सहा. तिसऱ्याला आठ सेंटिमीटर, बारा तास. चौथ्याला आठच, पण सोळा तास. पाचव्याला दहा आणि चोवीस. सहाव्याला काहीच नाही. तुझा उतार तिसऱ्यातला धर. बर्फ नऊला थांबला, म्हणजे मुदत सकाळी नऊपर्यंत. तू आपटलास साडेसहाला."

"म्हणजे घड्याळ बर्फ थांबल्यावर सुरू होतं?" अवीनं विचारलं.

"हो. पडत असतानाही माणसं-गाड्या लवकरात लवकर कामाला लावायच्या असतात, पण ही तासांची मुदत बर्फ थांबल्यापासून. आणि सगळा काढायचा असंही नाही. आठ सेंटिमीटरवर आणला की नियम पाळला."

नानांनी आपली चार बोटं टेबलावर आडवी ठेवली. "हे बघा आठ सेंटिमीटर. एवढा बर्फ रस्त्यावर कायदेशीर? आणि त्यावर शाळेची बस जाणार?"

कुणी काही बोललं नाही. मग बंड्याच म्हणाला, "नाना, बोलायला सोपं आहे. प्लाऊचं ब्लेड भुसभुशीत बर्फ ढकलतं. गाड्यांनी दाबून बसवलेल्या थरावरून ते नुसतं घसरतं. तिथं मीठ लागतं, आणि मिठाला ऊन नाहीतर गाड्यांची वर्दळ लागते. उणे चौदाला, भर रात्री, मीठ खड्यासारखं तसंच पडून राहतं. तेव्हा वाळू टाकायची, म्हणजे चाकाला निदान पकड मिळते. एका फेरीत माझ्याकडे किती रस्ते असतात माहितीय? त्यात लोक कडेला गाड्या लावून झोपतात. त्यांना वळसा घालून जायचं, आणि सकाळी शिव्या आम्हालाच."

बंड्याच्या मेहनतीबद्दल माझ्या मनात शंका नाही. रात्री दोनला त्या यंत्रात बसून पांढऱ्या अंधारात कडेचा कर्ब शोधणं सोपं काम नव्हे. पण त्याच्या फेरीत किती रस्ते घालायचे, हे तो ठरवत नाही. ते कंत्राट ठरवतं.

हा मुद्दा नानांनी अचूक पकडला. आयुष्यभर निविदा बघितलेला माणूस. २०१५ साली ऑन्टारियोच्या महालेखापरीक्षकांनी प्रांतिक महामार्गांच्या हिवाळी देखभालीवर खास अहवाल दिला होता, तो त्यांना ठाऊक होता. २००९पासून नव्या पद्धतीची कंत्राटं आली. किती प्लाऊ, किती मीठ हे कंत्राटदारानं ठरवायचं, सरकारनं फक्त निकाल बघायचा. यंत्रं कमी झाली. वादळानंतर सर्वाधिक रहदारीच्या महामार्गांवर डांबर उघडं पडायला २००९-१०मध्ये सरासरी २.१ तास लागत, ते २०१३-१४मध्ये ४.७ तासांवर गेलं.

"दुपटीहून जास्त!" नाना म्हणाले. "तेवढ्या वेळात जो आपटला, त्याचा दोष शंभर टक्के? ज्यानं स्वस्तातलं कंत्राट मंजूर केलं त्याचा शून्य?"

"धोरणाचा निर्णय म्हटलं की कोर्ट हात लावत नाही, नाना," शलाका म्हणाली.

इथं मी मध्ये पडलो, कारण हे अर्धंच खरं आहे. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं २०२१मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या नेल्सन शहराच्या खटल्यात हीच सीमारेषा आखून दिली. पालिकेनं रस्त्यातला बर्फ काढून पार्किंगच्या कडेला त्याची सलग भिंत उभी केली आणि फुटपाथवर जायला वाटच ठेवली नाही. ती भिंत ओलांडताना एका बाईंच्या पायाला गंभीर दुखापत झाली. पालिका म्हणाली, बर्फ कसा काढायचा हे आमचं धोरण, त्याबद्दल आमच्यावर दावा चालत नाही. सातही न्यायाधीशांनी ते मानलं नाही. बजेटमध्ये कशाला किती द्यायचं, हे धोरण. पण प्रत्यक्ष काम करताना बर्फ कुठं ढकलला आणि वाट ठेवली का, त्याबद्दल जाब विचारता येतो.

आणि आपल्या दारचंच उदाहरण आहे. डेरी रोड आम्हा सगळ्यांच्या रोजच्या वापरातला. मिल्टनजवळ २००३च्या एप्रिलमध्ये तिथं बर्फावरून गाडी घसरून गंभीर अपघात झाला होता. बर्फ होता जेमतेम दोन सेंटिमीटर, आणि त्या रस्त्याचं मानक सुरू होतं पाच सेंटिमीटरला. पालिकेचा बचाव असा की पाचच्या आत आमची काही जबाबदारीच नाही. अपील न्यायालयानं २०११मध्ये तो फेटाळला. पाचच्या आतल्या बर्फाबद्दल मानक गप्प आहे, म्हणून त्याचा आडोसा घेता येणार नाही, असं म्हटलं. मग काय झालं? २०१३मध्ये नियमच बदलला. आता ठरलेल्या जाडीपेक्षा कमी बर्फ असेल तर रस्ता चांगल्या अवस्थेतच आहे असं धरायचं. २०१८मध्ये आणखी एक भर पडली. पालिकेनं 'लक्षणीय हवामान घटना' जाहीर केली, की ती संपल्याचं जाहीर होईपर्यंत तासांचं घड्याळच थांबतं. नागरिकानं कोर्टात मिळवलेली जागा नियमाच्या दुरुस्तीनं काढून घ्यायची, हे मला मान्य नाही. मी ते टेबलावर जरा जोरातच म्हणालो.

"अरे, पण दुसरी बाजू बघ," शलाका म्हणाली. "इथं कोर्टानं पालिकेला एक टक्का जरी दोषी धरलं, आणि दुसऱ्या दोषी माणसाकडे पैसे नसले, तर सगळी भरपाई पालिकेवर पडू शकते. लहान गावांचं कंबरडं मोडेल. शेवटी तो पैसा प्रॉपर्टी टॅक्समधून आपणच भरणार."

हे तिचं म्हणणं मला पटतं. तो एक टक्क्याचा नियम बदलायला हवा अशी पालिकांची जुनी मागणी आहे, आणि ती गैर नाही. पण ओझं वाटून घ्यायचा मार्ग शोधणं वेगळं आणि जबाबदारीच पुसून टाकणं वेगळं.

मग शलाकानं इतका वेळ राखून ठेवलेला प्रश्न विचारला. "अवी, टायर कुठले होते?"

"ऑल सीझन."

"अरे!" बंड्यानं कपाळाला हात लावला. "उणे चौदाला ते रबर लाकूड होतं! तुला उतारावर थांबवणार कोण?"

"सक्ती कुठं आहे?" अवी म्हणाला. त्याचंही बरोबर. क्यूबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर सक्तीचे आहेत, ऑन्टारियोत नाहीत. मात्र ते लावले तर विमा कंपनीला हप्त्यात सूट द्यावीच लागते, २०१६पासून.

"सक्ती नाही म्हणून अक्कल वापरायची नाही असं नाही," नाना म्हणाले. इतका वेळ अवीच्या बाजूनं भांडणारे नानाच. "कोर्ट तुला हेच विचारेल. रस्ता सामान्य, समंजस माणसासाठी ठेवायचा असतो, बेफिकीर माणसासाठी नाही. हे आमच्याकडेही तसंच."

माझंही मत तेच. अवीनं टायरचा आणि वेगाचा आपला वाटा उचलायला हवा. काचेसारख्या उतारावर ताशी तीससुद्धा जास्त असू शकतात. पण त्याचा वाटा चाळीस असो नाहीतर साठ, उरलेला कुणाचा तरी आहेच, आणि तो आज कुणाच्याच नावावर चढत नाही. माझा आक्षेप एवढाच.

नानांनी मग मुंबई उच्च न्यायालयाचं काढलं. २०२५च्या ऑक्टोबरमध्ये न्यायालयानं आदेश दिला, की खड्ड्यामुळं किंवा उघड्या मॅनहोलमुळं माणूस गेला तर कुटुंबाला सहा लाख, जखमीला पन्नास हजार ते अडीच लाख, आणि ती रक्कम दोषी कंत्राटदार-अधिकाऱ्यांकडून वसूल करायची. "अंमलबजावणी बघायची आहे," नाना म्हणाले, "पण निदान नाव तरी घेतलं. खड्ड्याला मालक असतो, हे कागदावर आलं."

"इथंही कागदावर आणता येतं," शलाका म्हणाली. "पालिकेच्या क्लार्कला दहा दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यायची. तारीख, वेळ, ठिकाण, काय झालं. मुदत चुकली तर दावा बहुधा बाद. लोकांना हेच माहीत नसतं. आणि तुला आत्ताच सांगते, तुझ्या बाबतीत पैसे मिळणं कठीण. मुदत नऊपर्यंत होती."

"ती बर्फाची," बंड्या एकदम म्हणाला. आम्ही सगळे त्याच्याकडे बघायला लागलो. "रस्त्याची काच झाली तर तक्ता वेगळा. तिसऱ्या वर्गाला आठ तास, आणि ते पालिकेला कळल्यापासून मोजतात. रात्री कुणी ३११ला, पालिकेच्या तक्रार क्रमांकाला, फोन केला असेल, किंवा गस्तीच्या गाडीनं नोंद केली असेल, तर हिशेब बदलतो. ती नोंद मागायची. मी तिथं नव्हतो, तो माझा रूट नाही. पण नोंद असते."

जो माणूस तासभर प्लाऊवाल्यांची बाजू लढवत होता, त्यानंच हे सांगावं याचं मला फार बरं वाटलं.

अवीनं फोनवरच मजकूर लिहायला घेतला. नानांना त्यात 'घोर निष्काळजीपणा' हवा होता. शलाकानं तो काढायला लावला. घोर निष्काळजीपणा सिद्ध करायची अट फुटपाथवरच्या बर्फाला आहे, रस्त्याला नाही, उगाच स्वतःवर जड ओझं का घ्या? बंड्यानं तापमान आणि चाकोऱ्या लिहायला सांगितल्या, डॅशकॅमचं चित्रण जपून ठेवायला सांगितलं. अवीनं विचारलं, टायरचं लिहू का?

"नोटिशीत लागत नाही," शलाका म्हणाली. "पण कुणी विचारलं तर खरं सांग."

"विचारायची वाट कशाला बघतोस?" नाना म्हणाले. "लिही. आपलं लपवून दुसऱ्याचं मागायचं नाही."

यावर दोघांचं जुंपलं, ते कॉफी संपली तरी मिटलं नाही. दहा दिवस मंगळवारी भरतात. सोमवारी सकाळी रजिस्टर्ड पोस्टानं पत्र जाईल, आणि टायरचं वाक्य ठेवायचं की नाही ते तोपर्यंत अवीनं ठरवायचं.