पाच दशांश दहा

निमंत्रणात स्वच्छ लिहिलं होतं, ‘श्रेणी : सोपी’. शुल्क ९५० रुपये, त्यात सकाळचे पोहे आणि दुपारचं पिठलं-भाकरी. रविवारी गेलो. आज बुधवार, आणि मी अजून घरचा जिना कठडा धरून आडवा उतरतोय, खेकड्यासारखा.

किल्ला अजिंठ्याच्या डोंगररांगेतला. नाव सांगत नाही, किल्ल्याचा काही दोष नाही.

दोष श्रेणीचा. छत्रपती संभाजीनगर सोडलं तेव्हापासून सिल्लोड येईपर्यंत पुतण्या मला हेच शास्त्र समजावत होता. अमेरिकेत म्हणे एक ते पाच वर्ग आहेत. पहिला म्हणजे साधं चालणं, पाचवा म्हणजे दोर लावून चढायचा खडक. या पाचाचे पुढे भाग पाडले, ५.० ते ५.९. याच्यापुढे काही अवघड असणार नाही, असा त्यांचा हिशेब. ते निघालं. मग सरळ सहा लिहावं की नाही? त्यांनी लिहिलं ५.१०.

मी बत्तीस वर्षं गणित शिकवलंय. पाच दशांश दहा म्हणजे पाच दशांश एक. ते पाच दशांश नऊपेक्षा लहान. हे ज्याला कळत नव्हतं त्याला मी बाकावर उभं केलेलं आहे. पुतण्या म्हणाला, “काका, तो दशांश नाही, नुसता टिंब आहे.” हा टिंब आता ५.१५ पर्यंत पोचलाय, वर त्याला ए-बी-सी-डीचं शेपूट. फ्रेंचांचं ६ए, ६ए+, ६बी असं चालतं. अॅडम ओन्ड्रा या चेक प्रस्तरारोहकाने २०१७ साली नॉर्वेतल्या गुहेत जी वाट चढली तिला ९सी दिलं, तोवर तो आकडा कुणी लावलाच नव्हता. इंग्रजांकडे ‘व्हेरी डिफिकल्ट’ म्हणजे नवशिक्यांची वाट. आमच्याकडे निजाम होता, त्यामुळे इंग्रजी बोलण्याची ही तऱ्हा आम्हाला अंगवळणी पडलेली नाही. शहाणा एकच देश निघाला, ऑस्ट्रेलिया. एकपासून आकडे, अवघड तसा मोठा आकडा. संपलं.

बालेकिल्ल्याच्या खाली दोन पुरुष उंचीचा कातळटप्पा होता. जाताना खालून तिघांनी ढकललं, गेलो. येताना खालून ढकलून उपयोग नसतो. अर्ध्यावर पोट कातळाला चिकटलं आणि डावा पाय हवेत खोबण शोधत राहिला.

समोरच्या दगडावर एक म्हातारा गुराखी येऊन उकिडवा बसला. खांद्यावर घोंगडी, गालात तंबाखू. गाय व्यायला बसल्यावर घरचा माणूस जसा शांतपणे बघतो, तसा तो बघत होता.

“काहून लटकले?”

“पाय सापडत नाही.”

“सवताचा?”

मी गप्प. त्याने तंबाखू या गालातून त्या गालात नेली.

“पैशे देऊन आले म्हणे?”

“साडेनऊशे.”

“चढायचे का उतरायचे?”

माणूस लटकलेला असला की त्याला संताप नीट करता येत नाही. मी विषय बदलावा म्हणून विचारलं, ही वाट तुमच्या मते सोपी की अवघड? तो मनापासून विचारात पडला. म्हणाला, “तसं नसतं सायेब. म्हशीची वाट येगळी, बैलाची येगळी. मंग शेळीची. त्याच्यावर वान्नेर.”

“ही कुणाची?”

“शेळीचीच की. पण गाभण शेळी म्या इकडून नाही आणत.” आणि त्याने माझ्या पोटाकडे पाहिलं.

“मग मी कुठून जायचं?”

“तुमाला डांबरी हाये ना.”

आल्प्समध्ये मोठ्या डोंगरवाटांना श्रेणी देतात ती एका अवघड पावलाची नसते; चढ केवढा लांब, दगड कोसळतात का, मधूनच माघार घ्यायची तर घेता येते का, सगळं धरतात. हे पुतण्याने सांगितलं, पण घरी आल्यावर. म्हाताऱ्याने तर गाभण शेळीपर्यंत हिशेब केला होता.

आणि आमच्याकडे श्रेणींची अक्कल नव्हती असं कुणी म्हणू नये. देवगिरीला जा. खडकात खाचा पाडून वाट सोपी करणं गिर्यारोहकांत पाप समजतात. देवगिरी घडवणाऱ्यांनी उलटं केलं. अख्ख्या डोंगराचा खालचा कडा तासून उभा गुळगुळीत केला, भोवती खंदक, आणि आत शिरलाच कुणी तर अंधारी, म्हणजे काळोखा भुयारी मार्ग. श्रेणी वाढवण्यासाठी इतके हात राबलेले दुसरीकडे कुठे दिसायचे नाहीत. तुघलकाने १३२७ मध्ये दिल्लीहून राजधानी इथे हलवली. दिल्लीकरांना निघताना ‘श्रेणी : सोपी’ असंच सांगितलं असणार.

शेवटी म्होरक्याने कमरेला दोर बांधून मला विहिरीत पोहरा सोडतात तसं खाली सोडलं. त्याचं वय चोवीस, गुडघे कोरे. नव्या वाटेची श्रेणी पहिला चढणारा सुचवतो आणि मागचे चढून ती दुरुस्त करतात, अशी जगभर रीत आहे. म्हणून मी रात्री ग्रुपवर सभ्य भाषेत लिहिलं, ‘श्रेणी मध्यम करावी, पन्नाशीपुढच्यांना उतरण कठीण.’ दहा मिनिटांत माझा मेसेज पुसला गेला. चोवीस वर्षांच्या पोराने आपल्या पायांनी मोजायचं आणि बस भरायची म्हणून सगळ्यांना ‘सोपी’ म्हणायचं, याला श्रेणी म्हणत नाहीत, याला गिऱ्हाईक पटवणं म्हणतात. उतरण्याचे निम्मे पैसे परत मागणार होतो. बायको म्हणाली, आधी जिना उतरा.

आज सकाळी पुढच्या रविवारची जाहिरात आली. किल्ला तोच. श्रेणी : सोपी. वर फोटो माझा, लटकलेला, डावा पाय हवेत. खाली ओळ : ‘एकसष्टाव्या वर्षी काका जाऊ शकतात, मग तुम्ही का नाही?’

शुल्क १०५० केलंय.