फियाट, ‘मूळ रूप’ आणि ब्रेक : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. (सत्तरी ओलांडल्याचं तुम्हीच लिहिलंय, म्हणून काका म्हणतोय.)

माझ्या १९६८च्या फियाट अकराशे डिलाइटवरचा लेख वाचून तुम्ही जे खरमरीत लिहिलंत, त्याला खाली दोन ओळी खरडून मोकळं होणं बरं दिसलं नसतं, म्हणून हे स्वतंत्र उत्तर. बाकीच्या वाचकांसाठी काकांचं म्हणणं थोडक्यात सांगतो. मी गाडीला अल्टरनेटर, इलेक्ट्रॉनिक इग्निशन, रेडिएटरला इलेक्ट्रिक पंखा, दोन सर्किटचा ब्रेक मास्टर सिलिंडर आणि सीटबेल्ट बसवले. हे म्हणे ‘जतनाच्या नावाखाली विद्रूपीकरण’. मूळचा क्रीम रंग काढून राखाडी मारला, हा दुसरा गुन्हा. एवढ्या पैशात नवी गाडी दारात उभी राहिली असती, हा तिसरा. आणि शेवटी, असले धूर ओकणारे डबे रस्त्यावरून हटवायलाच हवेत. गाडी मूळ रूपात ठेवायची आणि हटवायचीही, हे दोन्ही एकाच वेळी कसं जमवायचं ते कळलं नाही, पण असो. राग आला की माणूस सगळंच बोलून घेतो.

आधी रंगाचं मिटवून टाकतो. डाव्या मागच्या दाराच्या आतल्या बाजूला, बिजागरीखाली, जिथे कुणी पेंटर सहसा हात घालत नाही, तिथे आमच्या पेंटरने पाणकागद मारायला घेतला. आधी क्रीम निघाला, मग पांढरा, मग फिकट निळा, त्याखाली राखाडी, मग लालसर प्रायमर आणि मग पत्रा. रुपयाएवढ्या जागेत एकात एक अशी सगळी वर्तुळं उमटली. बाहेरच्या अंगाला हा इतिहास सापडत नाही, कारण तिथे मधल्या कुणीतरी पत्र्यापर्यंत घासून वरून पुट्टी थापलेली. तेव्हा तुमच्या आठवणीतली क्रीम फियाट ती तुमच्या वडिलांची. माझी गाडी कुर्ल्याच्या कारखान्यातून राखाडी निघाली होती. क्रीम तिला नंतर कुणीतरी चढवला, आणि मी तो उतरवला.

आता ब्रेक. खरा वाद इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर.

या गाडीला चारही चाकांना ड्रम, आणि त्या सगळ्यांना दाब पुरवणारा एकच मास्टर सिलिंडर, एकच सर्किट, म्हणजे ब्रेक ऑइलचा एकच सलग मार्ग. एका चाकाचा व्हील सिलिंडर (चाकातला ब्रेक दाबणारा) गळला किंवा कुठेही एक पाइप फुटला, की चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो. पेडल जमिनीला टेकतं आणि तुमच्याकडे उरतो तो फक्त हँडब्रेक. त्या काळी जगभर बहुतेक गाड्या अशाच होत्या, त्यामुळे फियाटला दोष देत नाही. पण गाडी कामाला घेतली तेव्हा मागच्या ॲक्सलवरून जाणारा लोखंडी पाइप मी बघितला. वरून काळा, धड दिसणारा. मिस्त्रींनी त्यावर नख ओढलं, तर गंजाचा पापुद्रा उडाला आणि खाली ब्रेक ऑइलचा बारीक थेंब उभा राहिला. मुंबईची खारी हवा आणि चार महिने चाकांनी उडवलेलं पाणी, याने लोखंडाचं जे व्हायचं ते झालेलं. सायनच्या पुलावरून उतरताना पुढे रिक्षा आडवी आली असती आणि तो थेंब तेव्हाच फुटला असता, तर मूळ रूपाचं कौतुक करायला मी कितपत शिल्लक राहिलो असतो?

नवीन पाइप टाकून जुनं सर्किट तसंच ठेवता आलं असतं, असं तुम्ही म्हणाल. आलं असतं. पण आता पुढच्या दोन चाकांचं एक आणि मागच्या दोन चाकांचं एक, अशी दोन सर्किटं आहेत. एक गेलं तरी दुसऱ्यावर गाडी थांबते. या कामासाठी बॉडीला नवं भोक पाडलेलं नाही. लेदवाल्याकडून ब्रॅकेट करून घेतलं, ते जुन्याच बोल्टवर बसतं. जुना मास्टर सिलिंडर साफ करून, नवे रबर टाकून, ग्रीस लावलेल्या कागदात गुंडाळून ठेवलाय. उद्या ही गाडी कुणी म्युझियममध्ये ठेवणार असेल, तर अर्ध्या दिवसात जुनं जसंच्या तसं परत बसेल. माझा सगळा हिशोब याच एका गोष्टीवर चालतो : जे पाना घेऊन उलटं करता येतं ते करायचं, ज्याला कटर लागतो ते करायचं नाही.

अल्टरनेटरचंही तेच. बॅटरी चार्ज करायचं काम मूळ गाडीत डायनॅमो करतो, अल्टरनेटर हा त्याचा नवा भाऊ. जुना डायनॅमो इंजिन आयडलवर, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन मंद चालू असताना, जवळपास काहीच चार्ज करत नाही. साकीनाक्याला पावसात, दिवे, वायपर सगळं चालू ठेवून सिग्नलला उभे राहा. हेडलाइट पिवळे पडत जातात आणि बॅटरी खाली जाते. पंख्याचीही तशीच गत. मूळ पंखा इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन मंद असताना, नेमकी जेव्हा हवा हवी तेव्हाच तो आळसावतो. १९६८ साली या गाडीला सिग्नलवर एवढं कुजत उभं राहावं लागत नव्हतं. इग्निशनमधले, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेतले, पॉइंट आणि कंडेन्सर मी काढले, पण ते ज्या डब्यात असतात तो डिस्ट्रिब्युटर तोच आहे. बॉनेट उघडून बघणाऱ्याला फरक दिसायचा नाही. तुम्हालाही दिसला नसता, मीच लेखात लिहिलं म्हणून कळलं.

पेट्रोलच्या नळ्यांबद्दल तुम्ही काही म्हटलं नाहीत, पण मूळ रबर मी तेही काढलंय. हल्ली पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. जुन्या रबराला ते मऊ करतं, गाडीतल्या पेट्रोल पंपाचा डायफ्राम (आतला पडदा) खराब करतं, आणि डायफ्राम फाटला की पेट्रोल थेट इंजिन ऑइलमध्ये उतरू शकतं. कर्मठ मंडळी या नळ्या तशाच ठेवून बाजूला अग्निशामक ठेवतात.

आता जे केलं नाही तेही ऐका, कारण गॅरेजमध्ये रोज कुणी ना कुणी सल्ला देऊन जातं. मारुतीचं इंजिन टाक, पिकअप बघ. स्टिअरिंगजवळचा हँडल गिअर काढ, खाली घे. रुंद अलॉय लाव. पुढे डिस्क ब्रेक लाव. यातल्या पहिल्या दोन गोष्टींसाठी टनेल (गाडीच्या तळाचा मधला उंचवटा) कापावा लागतो, क्रॉस मेंबरशी (खालच्या आडव्या तुळईशी) खेळावं लागतं. डिस्कसाठी पुढची हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) बदलायची आणि मग चाकंही. हँडल गिअर गेला तर पुढच्या सीटवर तिघं बसवायची सोय गेली, आणि मग फियाट घ्यायचीच कशाला? शिवाय मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ : निर्मात्याने ठरवलेल्या रचनेपेक्षा वेगळी होईल अशी फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९च्या जानेवारीत हे पुन्हा ठासून सांगितलं. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी हवी.

तुमचा एक मुद्दा मात्र वजनाचा आहे, विंटेज नोंदणीचा. २०२१च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं होऊन गेलेली, मूळ रूपात ठेवलेली दुचाकी किंवा चारचाकी विंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, नूतनीकरणाला ५ हजार, आणि आधीपासून नोंदलेल्या गाडीला आपला जुना नंबर राखता येतो. नियमात अडचणीचा मानलाय तो चॅसिस, बॉडी शेल आणि इंजिनमधला मोठा फेरफार. त्यातलं मी कशालाच हात लावलेला नाही, त्यामुळे ते दार बंद झालंय असं मला वाटत नाही. पण मी त्या दारातून जाणारच नाही, आणि कारण वेगळंच आहे. विंटेज नोंदणीची गाडी नेहमीच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, बस्स. मला चेंबूरहून आईला घेऊन दादरला भाजी आणायला जायचंय. तेव्हा साधी नोंदणी, पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फिटनेस, आणि आरटीओच्या रांगेत उभं राहण्याची तयारी.

‘मूळ’ म्हणजे नक्की कुठली फियाट, हेही एकदा ठरवायला हवं. पुढची दारं उलटी उघडणारी जुनी ‘डुक्कर फियाट’ मूळ, की नंतरची डिलाइट? १९७४पासून पद्मिनी म्हणवून घेणारी? नव्वदच्या दशकात प्रीमियर कंपनीने स्वतःच तिच्यात डिझेल इंजिन बसवून १३७ डी काढली, आणि एस वन या मॉडेलमध्ये हँडल गिअर काढून खाली फ्लोअर गिअर दिला. टॅक्सीवाल्यांनी तर कॅरिअर, सीएनजीची टाकी, रेक्झिनचं छत, जे लागेल ते केलं. आणि काका, माझी गाडी आज चालू शकते ती त्यांच्याच कृपेने. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंग पिन, व्हील सिलिंडर, गॅस्केट मिळत राहिलं, कारण काळी-पिवळी रोज रस्त्यावर होती. ३० ऑक्टोबर २०२३ला शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून बाद झाली. सगळ्या मुंबईने त्या दिवशी फोटो टाकले. माल त्यानंतर आटायला लागला. परवा एका दुकानात गेलो तर मालक म्हणाला, ‘मागची रॅक भंगारात दिली, कोण घेतंय आता?’ चालत्या गाड्या असतील तरच कुणीतरी पार्ट बनवेल. काचेआडच्या गाडीला ब्रेक शू लागत नाहीत.

धुराबद्दल वाद घालत नाही. कार्ब्युरेटरची, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसलेली गाडी दर किलोमीटरला नव्या गाडीपेक्षा जास्त घाण करते. मात्र निळा धूर ओकणारं इंजिन म्हणजे पिस्टनच्या झिजलेल्या रिंगा आणि व्हॉल्व्ह गाइड. सिलिंडर बोअर करून रिंगा टाकल्या की तो थांबतो. पीयूसीत जुन्या गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे, आणि माझी गाडी त्यात आरामात बसते. पैशांचं म्हणाल तर तुमचं शंभर टक्के खरं, नवी गाडी आली असती. घरी हे वाक्य मी तुमच्या आधीपासून ऐकतोय.

आता तुमच्याकडून एक मदत हवी आहे. सीटचं काम अजून राहिलंय. कुशनवाला म्हणतो, त्या काळी एकरंगी रेक्झिनच असायचं. मिस्त्री म्हणतात, दोन रंग आणि मध्ये पाइपिंग. माझ्या गाडीच्या सीटवर तीन थर निघाले, पण खालचा इतका कुजलाय की रंग सांगवत नाही. तुमच्या वडिलांची गाडी त्याच सुमाराची. आतून काढलेला एखादा फोटो असेल, भले कृष्णधवल असेल, तर पाठवा. पाइपिंग होती की नाही एवढं कळलं तरी चालेल. गाडी दिवाळीनंतर कुशनवाल्याकडे टाकतोय, त्याआधी कळवाल तर बरं.