नोटीस फलकाकडे पाठ करून बसावे

सोलापूर जिल्ह्याच्या 11 तालुक्यांत मिळून हजाराहून अधिक ग्रामपंचायती आहेत आणि बहुतेकींच्या दारात एक नोटीस फलक आहे. आमच्या गावचा फलक लाकडी चौकटीत, बारीक तारेच्या जाळीमागे, कुलूपबंद आहे. कुलपाची किल्ली शिपायाकडे असते आणि शिपाई बहुधा पाण्याच्या टाकीवर असतो. फलकाखाली लिंबाच्या सावलीत सिमेंटचा कट्टा आहे. त्या कट्ट्यावर बसण्याची गावाची ठरलेली रीत आहे : तोंड रस्त्याकडे आणि पाठ फलकाकडे. पुण्या-मुंबईची नोकरी संपवून आपण नुकतेच गावी राहायला आला असाल, तर माझा पहिला सल्ला हाच की ही रीत मोडू नये. फलकाकडे तोंड करून उभा राहणारा माणूस एकतर पुढच्या निवडणुकीला उभा राहणार असतो, नाहीतर शेजाऱ्याच्या अतिक्रमणाचा अर्ज देणार असतो, असा गावाचा पक्का समज आहे आणि अनुभवान्ती तो फारसा चुकीचा नाही.

तरीही नजर गेलीच, तर निदान तारीख वाचू नये. ग्रामसभेची सूचना किमान 7 दिवस आधी द्यावी आणि गावात दवंडी पिटावी, असा नियम आहे. सूचनेवरची तारीख नियमाप्रमाणे 7 दिवस आधीचीच असते. कागद जाळीमागे कधी गेला, हा निराळा विषय आहे आणि तो कागदावर लिहिण्याची पद्धत नाही. काही ठिकाणी सूचना भिंतीवर खळीने डकवतात. पिठाची खळ ताजी असेल तर दुपारपर्यंत एखादी शेळी तिचा निकाल लावते, आणि मग सूचना प्रसिद्ध झाली होती व सर्वांना उपलब्ध होती, असे म्हणायला कोणाचीच हरकत उरत नाही.

ग्रामसभेला जावे की नाही, या प्रश्नाचे उत्तर 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमानेच सोपे करून ठेवले आहे. वर्षात निदान 4 सभा व्हाव्या लागतात आणि रिवाजाप्रमाणे त्या 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास होतात. गणपूर्तीसाठी मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसे लागतात. तेवढी न जमल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. या तरतुदीमागचा हेतू गावाचे काम अडू नये असा उदात्त होता. गावाने तो अधिक उदात्त करून पहिल्या सभेला न जाण्याची आणि दुसरी सभा कधी झाली हे न विचारण्याची प्रथा पाडली. आपणही तिचे पालन करावे. ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी असेही कायदा सांगतो. तिचे इतिवृत्त आमच्याकडे इतके नेटके असते, की घरातल्या महिलांना ती झाल्याचे कळले तर त्यांनाही वाचून समाधान वाटेल.

आता कामांकडे वळू. गल्लीत खडी पडली, वाळूचा ढीग झाला आणि मिक्सर येऊन उभा राहिला, की नवखा माणूस विचारतो, हे कशातून चालले आहे? असे विचारू नये, कारण उत्तर मिळते आणि ते कळत नाही. पंचवीस-पंधरातून, तीस-चोपन्नमधून, जनसुविधेतून, पंधराव्या वित्तातून, अशी ती उत्तरे असतात. म्हणजे शासनाच्या लेखाशीर्षांचे, अर्थात निधीच्या खात्यांचे, आकडे गावाच्या बोलीत बापजाद्यांच्या नावांसारखे रुळलेले आहेत. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशाची गंमत थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे. 2021 ते 2026 या काळात त्यातला 60 टक्के निधी बंधित, म्हणजे पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांना बांधलेला, आणि 40 टक्के अबंधित होता. ज्या गावात पाणी चार दिवसांनी येते, त्या गावात सांडपाण्याची गटार दुहेरी का बांधली, असा प्रश्न आपल्याला पडला असेल. ती सांडपाण्यासाठी बांधलेली नसून बंधित निधीसाठी बांधलेली असते. तिला उतार आहे की नाही हे तपासू नये. पावसाचे चार थेंब पडले की डास स्वतःच येऊन सांगतात.

निधीला ऋतू असतात, हे मात्र समजून घ्यावे. तो बहुधा मार्चएंडच्या तोंडावर येतो, मग कार्यारंभ आदेश निघतो, आणि काँक्रीट पडते ते भर उन्हाळ्यात, जेव्हा उजनी धरण मायनसमध्ये, म्हणजे मृतसाठ्यात, गेल्याची बातमी रोज पेपरात असते. काँक्रीट निदान 7 दिवस, आणि सिमेंटमध्ये राख मिसळलेली असेल तर 10 दिवस ओले राहावे लागते. त्याची पूर्ण ताकद 28 दिवसांनी मोजतात. आमच्या गल्लीत हे शास्त्र ज्या बारकाईने पाळले गेले, ते मी ओट्यावर बसून पाहिले आहे. सकाळी टेंपोतून गोणपाटे आली. ती रस्त्यावर अंथरली गेली, बॅरलमधून त्यांवर चार बादल्या पाणी पडले, मोबाइल काढून दोन बाजूंनी फोटो घेतले गेले, कारण हल्ली कामाचा फोटो जागेच्या अक्षांश-रेखांशासह वर चढवावा लागतो. आणि मग तीच गोणपाटे, पाणी ठिबकत असताना, गोळा होऊन पलीकडच्या गल्लीत गेली, कारण तिथेही काँक्रीट पडले होते आणि तिथलेही अक्षांश-रेखांश निराळे होते. त्यानंतर आठवडाभर त्या रस्त्यावर जे ओले पडले ते फक्त आमच्या शेजारच्या काकूंनी धुणे धुऊन ओतलेले पाणी. रस्त्याचा जो पट्टा आजही शाबूत आहे, तो त्यांच्या दारापुढचा आहे.

शाबूत म्हणजे, पाइपलाइन येईपर्यंत होता. 15 ऑगस्ट 2019 ला जल जीवन मिशनची घोषणा झाली आणि दरडोई रोज 55 लिटर पाणी घरात नळाने येईल असे ठरले. आधी पाइप पुरावा आणि मग रस्ता करावा, असा विचार आपल्या मनात आला असेल, तर तो आपण शहरात फार दिवस राहिल्याचा परिणाम आहे. दोन्ही कामांचे विभाग वेगळे, अंदाजपत्रके वेगळी, ठेकेदार वेगळे आणि मोजमाप पुस्तिकाही वेगळ्या. त्यांनी एकमेकांना विचारून काम करावे, ही अपेक्षा सोयऱ्यांकडूनसुद्धा कोणी करत नाही. रस्ता आधी केला की तो फोडता येतो, फोडला की चारी बुजवण्याचे काम निघते, आणि बुजवलेली चारी पहिल्या पावसात खचली की ग्रामपंचायतीच्या पुढच्या आराखड्यात त्याच रस्त्याचे नाव पुन्हा लिहिता येते. एका गल्लीतून एवढा विकास निघतो, हे परगावच्या पाहुण्याला सांगूनही पटत नाही.

एका बाबतीत मात्र मी स्वतः कमी पडलो, आणि ते इथे कबूल केले पाहिजे. आमच्या आजोबांनी घर बांधले तेव्हा गल्लीतून ओट्यावर यायला शहाबादी फरशीच्या 3 पायऱ्या होत्या. आजी तिसऱ्या पायरीवर बसून शेंगा फोडत असे. पहिला खडीचा रस्ता झाला तेव्हा खालची पायरी गेली. पेव्हिंग ब्लॉक आले तेव्हा मधली गेली. काँक्रीट झाले आणि तिसरी गेली. कारण जुना रस्ता खरवडून काढण्याची बाब अंदाजपत्रकात कधीच नसते, नवा थर जुन्याच्या अंगावर टाकायचा असतो, आणि त्यामुळे आमची गल्ली पिढ्यान् पिढ्या वर चढते व घरे आपापल्या जागी बुडत जातात. परतीच्या पावसात गल्लीचे पाणी आता सरळ उंबऱ्यावरून आत येते. ज्वारीचे पोते पाटावर, पाट विटांवर आणि विटा पाण्यात, अशी आमच्या माजघराची सध्याची मांडणी आहे. मी ग्रामपंचायतीत तक्रार करायला गेलो, हीच माझी चूक. तिथे मला अतिशय सौजन्याने सांगण्यात आले, की अण्णा, रस्ता काही खाली घेता येणार नाही, तुम्हीच घर उचलून घ्या. फक्त बांधकाम करण्यापूर्वी परवानगीचा अर्ज द्या, म्हणजे नमुना 8 ला, घरांच्या कर आकारणीच्या वहीत, नव्याने नोंद करून कर वाढवता येईल.

करावरून आठवले. सगळ्याच नोटिसा जाळीमागे राहतात, असा माझ्या बोलण्याचा अर्थ कृपया घेऊ नये. ग्रामपंचायत आपल्यासाठी काय करणार आहे, ते फलकावर लागते. आपण ग्रामपंचायतीला काय देणे आहोत, ते घरपोच येते. घरपट्टी आणि पाणीपट्टीच्या मागणी बिलावर माझे नाव, वडिलांचे नाव आणि घर क्रमांक इतका अचूक असतो, की मतदार यादीवाल्यांनी तो पाहून घ्यावा. बिलानंतर रिट, म्हणजे वसुलीचा मागणी लेख, येते, आणि रिटालाही दाद दिली नाही तर त्याच अधिनियमाच्या कलम 129 खाली जप्तीपर्यंत मजल जाते. तिथवर सहसा कोणी जात नाही, कारण मुलाच्या रहिवासी दाखल्यासाठी किंवा घराच्या उताऱ्यासाठी माणूस आधीच खिडकीशी येतो आणि तिथे त्याला थकबाकीचा आकडा प्रेमाने वाचून दाखवला जातो. आपण बिल वेळेवर भरावे. पाणी घरात आले होते की नव्हते, हा मुद्दा तिथे काढू नये. आमच्याकडे तर दोन्ही मार्गांनी आले होते आणि पट्टी एकाच मार्गाची घेतली, हे मी उपकारच समजतो.

शेवटचा सल्ला माहितीच्या अधिकाराविषयी. 2005 चा कायदा आहे, अर्जावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावायचा असतो आणि 30 दिवसांत उत्तर यावे लागते. हा अर्ज मुळीच करू नये. गावात माणसे एकमेकांची तोंडे रोज पाहतात, त्यांच्या लग्नकार्यात वाढतात, मयतीला खांदा देतात. अशा ठिकाणी छापील नमुन्यात प्रश्न विचारणे हे भावकीत वकील लावण्यासारखे दिसते. मी तो केला, आणि त्यामुळेच हा सल्ला अधिकाराने देतो आहे. रस्त्याच्या ठरावाची नक्कल मागितली होती, ती मिळाली. प्रोसिडिंगचे अक्षर सुवाच्य होते. विषय क्रमांक, चर्चा, सूचक, अनुमोदक, ठराव सर्वानुमते मंजूर, असा सगळा क्रम बिनचूक होता. नव्या रस्त्यामुळे लगतच्या घरांच्या जोत्यास कोणतीही बाधा येत नाही, याची उपस्थित ग्रामस्थांनी खात्री दिली, असे एक वाक्यही होते. उपस्थित ग्रामस्थांच्या यादीत सोळाव्या क्रमांकावर माझे नाव होते आणि नावापुढची सही माझीच होती.

खोटी असती तर तक्रार करता आली असती. पण मला ती संध्याकाळ आठवते : मी जेवायला बसलो होतो, दारात शिपाई रजिस्टर घेऊन उभा होता, भाकरी हातात होती म्हणून मी डाव्या हाताने वही धरली आणि उजव्याचे बोट पुसून त्याने दाखवलेल्या ओळीवर सही केली. सहीशेजारी नकलेतसुद्धा एक पुसट डाग उमटला आहे; तो शेंगाच्या चटणीचा असावा.

परवा तो पुन्हा आला. दिवेलागण झाली होती आणि नेमकी लाइट गेली होती. मी या वेळी वाचूनच सही करायची असे ठरवले होते, म्हणून त्याला थांबायला सांगून कोनाड्यात चष्मा चाचपू लागलो. तो ओट्यावरून, म्हणजे आता रस्त्यावरूनच, आत वाकला आणि म्हणाला, "चष्मा कशाला हुडकायलाव, अण्णा? सही कुठं करायची ते मी बोट ठिवून दावतो की."