खुलासा : खाज म्हणजे ‘रक्त बिघडलं’ नव्हे

‘खाज सुटली म्हणजे रक्त बिघडलं, कढत पाण्यानं अंघोळ करा, आठ दिवस कडुलिंबाचा रस प्या’ असा मजकूर बेळगाव, खानापूर, निपाणीकडं मोबाइलवर फिरतोय. तो चुकीचा आहे.

खाज त्वचेतल्या बारीक मज्जातंतूंतून मेंदूकडं जाते. गांधी उठल्यावर या तंतूंना चेतवतं ते बहुधा हिस्टामिन हे शरीरातलंच रसायन, म्हणून ते अडवणारी सेट्रिझिनची गोळी लागू पडते. 6 आठवड्यांहून जुन्या खाजेत बऱ्याचदा रसायनं वेगळी असतात. तिथं गोळीनं झोप येते, खाज तशीच. खाजवल्यावर बरं वाटतं, कारण वेदना खाजेला तेवढ्यापुरती दाबते. कढत पाण्याचंही तेच, वर त्वचेतलं तेल धुऊन जातं आणि कोरड्या कातडीला जास्तच खाज सुटते. कोमट पाणी, 5-10 मिनिटं, साबण काखा-जांघांपुरता. अंग टिपून ओलसर असतानाच व्हॅसलीन.

रात्री वाढणारी, घरात दोघातिघांना एकदमच सुटलेली खाज बहुधा खरजेची. डॉक्टरांनी दिलेलं 5 टक्के परमेथ्रिनचं मलम घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत, बेचक्यांत आणि नखांखालीही लावायचं, 8 ते 14 तासांनी धुवायचं, आठवड्यानं पुन्हा. एकट्यानंच लावलं की खरूज परत येते. खरजेचे बारीक किडे मेल्यावरही 2-4 आठवडे खाज राहू शकते. औषध फसलं म्हणून रोज चोपडू नये.

खानापूरच्या पावसात ओल्या कपड्यांनी जांघेत फोफावणाऱ्या नायट्यावर, म्हणजे बुरशीच्या चट्ट्यांवर, स्टेरॉइडची ट्यूब नकोच. लाली जाते, बुरशी पसरते.

अंगावर काहीच दिसत नाही आणि खाज थांबत नाही, तर मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड, लोह तपासून घ्या. रक्ताचा संबंध असलाच तर तो इथं.